सार्वजनिक आरोग्यातली फेलोशिप: पदवीनंतरची दोन वर्षं नेमकी कशासाठी?

बडोद्यातल्या मराठी घरात मुलगी एमबीबीएस झाली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘पीजीची तयारी कधीपासून?’ बीडीएस किंवा बीएचएमएस झाली असेल तर ‘दवाखाना कुठे टाकणार?’ आणि सयाजीराव विद्यापीठातून आहारशास्त्र किंवा समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण घेतलं असेल तर ‘नोकरीचं काय?’ या तिन्ही प्रश्नांना लागू पडेल असं एक उत्तर आहे. ते आपल्याकडे फारसं कोणी सुचवत नाही, कारण ते नक्की काय असतं हे बहुतेकांना माहीतच नसतं. ते उत्तर म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली प्रशिक्षण फेलोशिप. दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंतच्या ओळखीच्या घरांतून याबद्दल विचारणा होते आणि फोनवर पाच मिनिटांत सांगून भागत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितो आहे.

आधी ‘सार्वजनिक आरोग्य’ हे काम काय ते पाहू. २०२४चा पावसाळा आठवा. जुलैत साबरकांठ्याकडून बातम्या यायला लागल्या की लहान मुलांना अचानक ताप येतो, फिट येते आणि एक-दोन दिवसांत मूल हातचं जातं. कारण निघालं चांदीपुरा विषाणू. हा विषाणू १९६५ साली पुण्याच्या शास्त्रज्ञांनी शोधला आणि नागपूरजवळच्या ज्या गावात रुग्ण सापडले त्याच गावाचं नाव त्याला दिलं. गुजरातला तो नवा नव्हता, २००४ मध्ये पूर्वेकडच्या जिल्ह्यांत त्याने मुलं नेली होती. २०२४च्या जूनपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीप्रमाणे मेंदूज्वराचे २४५ रुग्ण झाले, त्यातले ८२ दगावले आणि ६४ जणांत चांदीपुरा विषाणू असल्याचं प्रयोगशाळेत सिद्ध झालं. यातले बहुतेक गुजरातचे.

वॉर्डातला डॉक्टर समोरच्या मुलाला वाचवण्यासाठी धडपडत असतो. त्याच वेळी दुसऱ्या कोणीतरी वेगळे प्रश्न विचारायचे असतात. ही मुलं कुठल्या गावांतली? घराच्या भिंती मातीच्या आहेत का, त्यांना भेगा आहेत का, कारण हा विषाणू पसरवणारी वाळूमाशी भेगांतच राहते. गोठा घराला लागून आहे का? शेजारच्या घरात कोणाला ताप आहे का? औषधाची धुरळणी आधी कुठल्या पाड्यावर करायची? हे विचारणारा, मोजणारा आणि त्यावरून सरकारी यंत्रणेला ‘उद्या सकाळी हे करा’ असं सांगू शकणारा माणूस कॉलेजातून आपोआप तयार होऊन बाहेर पडत नाही. त्याला घडवावं लागतं. फेलोशिप असते ती यासाठी.

आता नावांचा गोंधळ. एमडी पीएसएम (प्रतिबंधात्मक आणि सामाजिक वैद्यक) ही डॉक्टरांसाठी तीन वर्षांची वैद्यकीय पदव्युत्तर पदवी. एमपीएच म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स, बहुतेक ठिकाणी दोन वर्षांची, आणि ती डॉक्टर नसलेल्यांनाही करता येते. आपल्या जवळची संस्था गांधीनगरची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक हेल्थ. शिष्यवृत्ती म्हणजे शिकायला मिळालेले पैसे. फेलोशिप या सगळ्यांहून वेगळी. तिच्यात तुम्हाला एखाद्या यंत्रणेत प्रत्यक्ष कामावर बसवतात, दरमहा मानधन देतात, एक अनुभवी मार्गदर्शक नेमून देतात आणि ठरलेल्या मुदतीत ठरलेली कामं करून दाखवायला सांगतात. शिकणं होतं ते त्या कामातून. काही फेलोशिपच्या शेवटी पदवी मिळते, काहींच्या शेवटी फक्त प्रमाणपत्र. पदवी नाही म्हणून फेलोशिप हलकी, असं मानायचं कारण नाही.

या पद्धतीचं मूळ १९५१चं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेत अलेक्झांडर लँगम्युर यांनी ‘एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस’ नावाचा दोन वर्षांचा कार्यक्रम सुरू केला. तरुण डॉक्टरांना थोडे दिवस वर्गात बसवायचं आणि मग साथ असेल तिथे पाठवून द्यायचं. त्या कार्यक्रमाचं बोधचिन्ह आजही भोक पडलेला बुटाचा तळवा आहे, इतकं चालणं त्यात गृहीत धरलेलं. पुढे हाच नमुना जगभर ‘फील्ड एपिडेमिऑलॉजी ट्रेनिंग प्रोग्रॅम’ म्हणून पसरला. त्याची तीन रूपं आहेत: काही महिन्यांचं पहिल्या फळीच्या कर्मचाऱ्यांसाठी, साधारण वर्षभराचं मधलं आणि दोन वर्षांचं पूर्ण. दोन वर्षांच्या कार्यक्रमात साधारण पाऊण वेळ फील्डवर जातो आणि पाव वेळ वर्गात.

भारतात चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्थेने, म्हणजे आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘एनआयई’ने, २००१ मध्ये अशा धर्तीचा अभ्यासक्रम सुरू केला. २०१२ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने, म्हणजे ‘एनसीडीसी’ने, ‘एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस’ची भारतीय आवृत्ती, म्हणजे इंडिया ईआयएस, सुरू केली. या दोन्ही तारखांच्या आधी गुजरातेतली एक तारीख येते. सप्टेंबर १९९४, सुरतचा प्लेग. त्या दिवसांत सुरतहून भरभरून येणाऱ्या गाड्या बडोदा स्टेशनवर ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. माणसं पळत होती, अफवा त्यांच्याही पुढे धावत होत्या आणि कुठे किती रुग्ण आहेत याचा खात्रीचा आकडा लवकर हाती लागत नव्हता. साथीची खबर वेळेवर कळण्याची आपली व्यवस्था किती तोकडी आहे हे त्या वेळी देशाला कळलं. त्यानंतर रोगसर्वेक्षणाचे कार्यक्रम आले. २००४ मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प आला, जिल्ह्याजिल्ह्यांत त्याची केंद्रं झाली आणि २०२१ पासून ती नोंद देशभर ऑनलाइन होऊ लागली. पण फॉर्म आणि संगणक आले तरी आकड्याकडे बघून ‘इथे काहीतरी बिनसलंय’ हे ओळखणारं माणूस लागतंच.

फेलो दिवसभर करतो काय, हे एका उदाहरणाने सांगतो. उदाहरण रचलेलं आहे, पण अशी कामं आपल्या शहरात दर पावसाळ्यात निघतात.

समजा, वाडी भागातल्या एका पोळीत, म्हणजे गल्ल्यांच्या जुन्या वस्तीत, काविळीचे रुग्ण वाढलेत. ऐंशी घरं, चारशे माणसं. पहिल्या दिवशी फेलो ‘रुग्ण’ कोणाला म्हणायचं ते लिहून काढते: एक जूनपासून या पोळीत राहणारी, डोळे पिवळे झालेली किंवा गडद पिवळी लघवी होत असलेली व्यक्ती. हे वाक्य वाचायला क्षुल्लक वाटतं. पण ते आधी लिहिलं नाही तर एक कार्यकर्ता नुसत्या तापाच्या माणसालाही यादीत घालतो, दुसरा रक्ततपासणीचा कागद दाखवल्याशिवाय कोणालाच घालत नाही, आणि दोघांच्या याद्या कधीच जुळत नाहीत.

मग घरोघर जाऊन यादी बनते. या कामात तिला ‘लाइन लिस्ट’ म्हणतात. एका माणसाला एक ओळ: वय, स्त्री की पुरुष, घर क्रमांक, लक्षणं कधी सुरू झाली, पाणी कुठलं पितो, गेल्या दोन महिन्यांत बाहेरगावी गेला होता का, लग्नात जेवला का, गरोदर आहे का. हा शेवटचा रकाना माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचा. पाण्यातून पसरणारी कावीळ बहुधा हेपटायटिस ई असते. धडधाकट माणूस तिच्यातून सहसा बरा होतो, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ती झाली तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणींपर्यंत जीव जाऊ शकतो. म्हणून चांगली फेलो साथीचं कारण सापडायची वाट बघत नाही. आशाताईला घेऊन ती त्याच संध्याकाळी पोळीतल्या सगळ्या गरोदर बायकांची यादी करते, पाणी उकळून प्यायला सांगते आणि कोणाला दवाखान्यात न्यायचं ते ठरवते.

चोवीस रुग्ण सापडतात. पोळीच्या पुढच्या गल्लीत दोनशे माणसं आणि मागच्या गल्लीत दोनशे. पुढे चार रुग्ण, मागे वीस. म्हणजे पुढे शंभरात दोन आणि मागे शंभरात दहा, सरळ पाचपट. दोन्ही गल्ल्यांची पाण्याची लाइन वेगळी आहे हे महापालिकेच्या लाइनमनकडून कळतं. आता संशय मागच्या लाइनवर. पण पुढच्या गल्लीतल्या त्या चार जणांचं काय? फेलो पुन्हा त्यांच्या दारात जाते. दोन मुलं मागच्या गल्लीत शिकवणीला जातात आणि तिथलंच पाणी पितात. एका आजोबांचं रोजचं दुपारचं जेवण मागच्या गल्लीतल्या लेकीकडे असतं. चौथ्याचं काही जुळत नाही, आणि ते अहवालात तसंच लिहायचं असतं.

नळाच्या पाण्यात ओटीचे, म्हणजे क्लोरिन तपासायच्या द्रावणाचे, थेंब टाकले तर पिवळा रंग यायला हवा. नळाशी लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन असलं पाहिजे. मागच्या गल्लीतल्या शेवटच्या नळाला रंगच येत नाही. पण अजून एक मेख आहे. ही कावीळ शरीरात शिरल्यापासून दिसायला दोन ते आठ आठवडे लागतात. आज दिसणारे रुग्ण दीड महिन्यापूर्वीच्या पाण्याचे असतात. म्हणून ‘आता लाइन ठीक आहे’ या उत्तरावर न थांबता, दीड महिन्यापूर्वी इथे खोदकाम झालं होतं का, पाण्याला कधी वास येत होता का, हे विचारावं लागतं. ते सहसा कुठल्याही रजिस्टरमध्ये नसतं, ओट्यावर बसलेल्या काकूंना मात्र पक्कं माहीत असतं.

रोज किती जणांना लक्षणं सुरू झाली हे आलेखाच्या कागदावर चौकटी भरून मांडलं की साथीचा आकार दिसतो. एकच उंच ढीग आला तर बहुधा एकाच वेळी झालेला घोटाळा. पसरट, लांबलेला आला तर घाण अजून मिसळते आहे. हे सगळं मांडून फेलोला चार पानांचा अहवाल लिहायचा असतो आणि तो महापालिकेच्या अधिकाऱ्यासमोर बसून समजावून द्यायचा असतो. त्या अधिकाऱ्याला पाच मिनिटांत ‘कुठल्या कोपऱ्यावर खणायचं’ एवढंच हवं असतं. हे सांगता येणं हासुद्धा प्रशिक्षणाचा भाग आहे, आणि बऱ्याच हुशार मुलांना अवघड जातं ते हेच.

आता खरं घडलेलं. बिहारमधल्या मुझफ्फरपूरला १९९५ पासून दर उन्हाळ्यात, लिचीच्या हंगामात, लहान मुलं पहाटे फिट येऊन बेशुद्ध पडायची आणि बरीच मरायची. कोणी म्हणे जपानी मेंदूज्वर, कोणी म्हणे उष्णता, कोणी कीटकनाशक. २०१३ आणि २०१४ मध्ये एनसीडीसी, इंडिया ईआयएसचे अधिकारी आणि सीडीसी यांनी मिळून त्याचा छडा लावायला घेतला. २०१४ मध्ये २६ मे ते १७ जुलै या काळात दोन मोठ्या रुग्णालयांत ३९० मुलं दाखल झाली, त्यातली १२२ गेली. रक्तातली साखर तपासलेल्या ३२७ मुलांपैकी २०४ जणांत ती ७० किंवा त्याहून कमी होती. मग १०४ आजारी मुलं आणि १०४ आजारी नसलेली मुलं यांची तुलना केली. गेल्या चोवीस तासांत काय खाल्लं, बागेत गेला होता का, रात्री जेवला होता का, असे साधे प्रश्न. आजारी मुलांत लिची खाल्लेली असण्याची शक्यता साडेनऊ पटींहून जास्त निघाली. आणि पुढचा धागा याहून महत्त्वाचा. जी मुलं रात्री न जेवता झोपली होती त्यांच्यात लिचीचा धोका ७.८ पट, जेवून झोपलेल्यांत ३.६ पट. लिचीत हायपोग्लायसिन नावाचं द्रव्य असतं, ते शरीराची साखर तयार करण्याची क्रिया अडवतं. भरल्या पोटाच्या मुलाला ते सहसा निभावतं. दिवसभर बागेत पडलेली फळं खाऊन रात्री उपाशी झोपलेल्या कुपोषित मुलाला निभावत नाही.

यातून निघालेला सल्ला एखाद्या आजीने दिला असता इतका साधा होता: मुलाला रात्री जेवल्याशिवाय झोपवू नका, लिची कमी खाऊ द्या, आणि असं मूल दवाखान्यात आलं की आधी साखर तपासा आणि लगेच ग्लुकोज द्या. हा अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. फेलोशिप कशासाठी असं कोणी विचारलं की मला पहिल्यांदा हेच आठवतं. प्रयोगशाळेचा वाटा त्यात मोठा आहेच, पण ‘मूल रात्री जेवलं होतं का?’ हा प्रश्न फॉर्मवर आला नसता तर सगळं चित्र जुळलं नसतं.

याच गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१९च्या जूनमध्ये मुझफ्फरपुरात पुन्हा शंभराहून जास्त मुलं गेली. कारण माहीत होतं, उपाय माहीत होता. तो सल्ला दर वर्षी दर गावात पोचवणारी आणि आरोग्य केंद्रात वेळेवर ग्लुकोज देणारी साखळी मात्र पुरी पडली नाही. फेलोशिप शोध लावणारी माणसं तयार करते. त्या शोधाची रोजची अंमलबजावणी करणारी माणसंही तितक्याच निगुतीने तयार करावी लागतात, आणि आपल्या देशात ती बाजू अजून लंगडी आहे. या क्षेत्रात येताना हे माहीत असू द्या.

तर मग निवडायची कशी? माझं मत स्पष्ट आहे. संस्थेचं नाव, मानधनाचा आकडा, परदेशवारी हे सगळं नंतर बघा. आधी बघा की तुमच्या शेजारी कोण बसणार आहे. लाइन लिस्टमधला चुकीचा रकाना दाखवणारं, अहवालाचा पहिला मसुदा लाल करून परत देणारं, जिल्हा अधिकाऱ्यासमोर तुम्ही अडखळलात तर बाहेर आल्यावर शांतपणे समजावणारं माणूस मिळालं तर साधी फेलोशिपही सोनं होते. ते नसेल तर मोठ्या नावाच्या फेलोशिपमध्ये दोन वर्षं पीपीटी बनवण्यात जातात. असं झालेली मुलं मी पाहिली आहेत. हुशार, कष्टाळू, आणि दोन वर्षांनंतर एकाही साथीचा तपास पहिल्यापासून शेवटपर्यंत न केलेली.

म्हणून अर्ज करण्याआधी मागच्या तुकडीतल्या दोघा-तिघांना फोन करा. संस्थेच्या माहितीपत्रकात नसतं ते विचारा. मार्गदर्शक एका वेळी किती फेलो सांभाळतात? महिन्यातून किती वेळा समोरासमोर भेटतात? तुम्ही गोळा केलेली माहिती कोणाच्या नावावर छापली जाते? फील्डवर जायला गाडी मिळते की स्वतःची दुचाकी? मुलगी असेल तर राहायची सोय आणि रात्रीच्या प्रवासाचं काय? आणि फेलोशिप संपल्यावर मागची तुकडी आज कुठे आहे? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर चाचरत आलं तर सावध व्हा.

प्रकार बरेच आहेत, ढोबळमानाने सांगतो. साथरोगांच्या तपासाकडे ओढा असेल आणि डॉक्टर असाल तर एनसीडीसी आणि एनआयई यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. पात्रतेच्या अटी वर्षागणिक बदलतात, तेव्हा मूळ जाहिरातच वाचा, कोणी फिरवलेला मेसेज नको. संशोधनाची आवड असेल तर केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग (डीबीटी) आणि ब्रिटनची वेलकम ही संस्था यांच्या ‘इंडिया अलायन्स’च्या फेलोशिप आहेत, पण त्या बऱ्याच पुढच्या टप्प्यावर. एमबीबीएस किंवा बीडीएस अजून चालू असेल तर आयसीएमआरची दोन महिन्यांची विद्यार्थी संशोधनवृत्ती ही उत्तम सुरुवात. परदेशी जायचं असेल तर ब्रिटनची चिव्हनिंग शिष्यवृत्ती एका वर्षाच्या मास्टर्सचा खर्च देते, मात्र आधी दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागते आणि नंतर दोन वर्षं मायदेशी राहायची अट घालते.

डॉक्टर नसलेल्यांनी नाउमेद होऊ नये. उलट सामाजिक आरोग्याच्या फेलोशिप तुमच्यासाठीच जास्त आहेत. बंगळुरूच्या ‘सोचारा’ने सामुदायिक आरोग्याचं शिक्षण देणारा कार्यक्रम वर्षानुवर्षं चालवला आहे आणि त्यात निरनिराळ्या शाखांची मुलं आली. आपल्या अगदी जवळ, भरूच जिल्ह्यातल्या झगडियाला ‘सेवा रुरल’ १९८० पासून आदिवासी भागात रुग्णालय आणि गावपातळीवरचं आरोग्यकार्य दोन्ही चालवते आहे. आशाताईंच्या हाती मोबाइल देऊन घरभेटींची नोंद आणि आठवण करून देणारी व्यवस्था त्यांनी आधी इथे बसवली, मग तिचा नमुना राज्याने उचलला. अशा ठिकाणी महिनाभर नुसतं बसून बघितलं तरी डोळे उघडतात.

मराठी वाचकांना डॉ. अभय आणि राणी बंग यांचं काम माहीत असतं, पण त्यातला शिकण्याचा क्रम लक्षात घेतला जात नाही. त्यांनी जॉन्स हॉपकिन्समधून सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं आणि ते थेट गडचिरोलीत आणून लावलं. नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग त्यांनी ३९ गावांत केला आणि ४७ गावांशी ताडून पाहिला, म्हणून १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मधून त्यांचं म्हणणं जगाला ऐकावं लागलं. जामखेडचे डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे हेही हॉपकिन्समधूनच शिकून १९७० मध्ये जामखेडला उभे राहिले. पदवी तिकडची, फील्ड इथलं. हा मेळ बसला तर परदेशी फेलोशिपचं सार्थक, नाहीतर ती फक्त बायोडाटावरची एक ओळ.

अर्जात बहुतेक मुलं फसतात ती निवेदनात. ‘मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे’ हे वाक्य निवड समितीने हजारदा वाचलेलं असतं. त्याऐवजी इंटर्नशिपमध्ये तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लसीकरणाला कुठल्या पाड्यावरची मुलं येत नव्हती आणि का, हे दहा ओळींत लिहा. आपल्या मुलांकडे एक मोठी जमेची बाजू आहे आणि ती अर्जात लिहायला ती लाजतात: घरी मराठी, बाहेर गुजराती, कॉलेजात हिंदी-इंग्रजी. गुजरात-महाराष्ट्र सीमेवरच्या जिल्ह्यांत काम करणाऱ्या कुठल्याही संस्थेला अशी माणसं हवीच असतात. त्यात छोटा उदेपूरकडची राठवी बोली चार वाक्यांपुरती येत असेल तर ते ठळक लिहा.

पैशाचं. मानधनातून खोलीभाडं आणि जेवण निघतं, घरी पाठवायला फारसं उरत नाही. काही संस्थांत मानधन महिनोन्‌महिने अडकतं. माझ्या ओळखीच्या एका मुलीला दुसऱ्या जिल्ह्यात राहून घरून पैसे मागवावे लागले, आणि सर्वेक्षणाचं पेट्रोलही तीच भरत होती. म्हणून हाताशी तीन महिन्यांचा खर्च ठेवूनच निघा. करारपत्र सही करण्याआधी वडीलधाऱ्यांना आणि शक्य तर एखाद्या वकिलाला दाखवा. बाँड किती वर्षांचा, मधे सोडलं तर किती भरायचे, आजारपणाची आणि बाळंतपणाची रजा आहे का, अपघात विमा आहे का, मानधनावर कर कापला जातो का. एमबीबीएसच्या ग्रामीण सेवेचा बाँड बाकी असेल तर ती सेवा आणि फेलोशिप एकत्र धरतात की नाही हे कॉलेजकडून लेखी घ्या, तोंडी होकारावर जाऊ नका.

बाँडवरून आपल्या शहराची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. जून १९१३ मध्ये बडोदा संस्थानाने भीमराव आंबेडकर या तरुण पदवीधराशी करार केला: कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी. सयाजीरावांची ही शिष्यवृत्ती काळाच्या फार पुढची होती. करार पाळायला आंबेडकर १९१७ मध्ये बडोद्याला आले. अस्पृश्य म्हणून या शहरात त्यांना राहायला कोणी जागा दिली नाही. पारशी धर्मशाळेत जात लपवून राहावं लागलं आणि तिथूनही हुसकावलं गेलं. ते शहर सोडून गेले. शिकायला पैसे देणाऱ्या राज्याला शिकून आलेल्या माणसासाठी एक खोली मिळवून देता आली नाही. हा अन्याय जातीचा होता, त्याची तुलना आजच्या नोकरीच्या अडचणींशी करायची नाही. पण शिकून आलेला माणूस राहणार कुठे, काम कुठे करणार, त्याला सन्मानाने कोण वागवणार, याची तजवीज शिष्यवृत्ती देतानाच करायची असते, हे बडोद्याला तरी कोणी वेगळं शिकवायला नको.

आज फेलोशिप पूर्ण केलेल्या मुलांपुढे हा प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. जिल्हा सर्वेक्षण केंद्रातल्या साथरोगतज्ज्ञाच्या जागा बहुधा कंत्राटी असतात, अकरा-अकरा महिन्यांच्या. त्यामुळे चांगली तयार झालेली मुलं आंतरराष्ट्रीय संस्थांकडे किंवा परदेशी जातात, आणि त्यांना दोष देता येत नाही. शहरातल्या आरोग्यसेवेत अशा प्रशिक्षित माणसांसाठी कायमच्या जागा असाव्यात ही मागणी आपण नागरिकांनी करायची आहे. वॉर्डाच्या बैठकीत रस्ते-गटारांबरोबर हाही विषय काढा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी घराघरांत शिरलं, त्यानंतर ताप मोजत फिरणारी माणसं आपल्याला किती हवी होती हे ज्यांच्या घरात चिखल होता त्यांना विचारा.

आणि ज्यांना अजून ठरवता येत नाही त्यांच्यासाठी एक सोपा मार्ग. कुठल्याही फेलोशिपचा अर्ज भरण्याआधी जवळच्या आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याची परवानगी घ्या आणि ममता दिवसाला, म्हणजे माता-बालकांच्या तपासणी आणि लसीकरणाच्या दिवशी, तिथल्या आरोग्यसेविकेबरोबर सकाळपासून दुपारपर्यंत बसा. कोण आलं, कोण आलं नाही, न आलेल्यांच्या घरी कोण जातं, रजिस्टरमध्ये काय लिहिलं जातं आणि काय सुटतं, हे बघा. त्यांच्या कामात लुडबुड न करता, सांगितलं तर वजनकाटा धरा. दोन-तीनदा असं केल्यावर न आलेल्या बाळाचं घर शोधत जावंसं वाटलं तर अर्ज भरा. बहुतेक जाहिराती वर्षातून एकदाच निघतात आणि शिफारसपत्रांना वेळ लागतो, म्हणून ज्या प्राध्यापकांनी तुमचं फील्डवरचं काम पाहिलंय त्यांना आत्ताच भेटून ठेवा.